नव्व्याण्णव टक्के दोषी

जपानमध्ये खटला उभा राहिला की आरोपी दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक आहे. याचं एक कारण सरळ आहे. पुरावा भक्कम नसेल तर सरकारी वकील खटलाच भरत नाहीत. गुन्हा कबूल असलेली कित्येक प्रकरणंही ते तिथेच सोडून देतात.

खरी काळजी कबुलीजबाबाची आहे. आरोपपत्राआधी संशयिताला २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, आणि चौकशीच्या वेळी वकील सहसा शेजारी नसतो. गुन्हा नाकारणाऱ्याला पुढे जामीनही सहजी मिळत नाही.

माजी मुष्टियोद्धा इवाओ हाकामादा यांनी १९६६ मध्ये अशाच तासन्‌तास चाललेल्या चौकशीत चौघांच्या खुनाची कबुली दिली. न्यायालयात मात्र ती नाकारली. तरी १९६८ मध्ये त्यांना फाशी सुनावली गेली. मुख्य पुरावा होता गुन्ह्यानंतर वर्षभराने मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) टाकीत मिळालेले रक्ताळलेले कपडे. इतके महिने मिसोत मुरूनही डाग लाल कसे राहिले? हा साधा प्रश्न न्यायालयाला पटायला अर्धं शतक जावं लागलं. तोवर त्यांची बहीण हिदेको लढत राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये शिझुओकाच्या न्यायालयाने तो पुरावा बनावट असल्याचं सांगत ८८ वर्षांच्या हाकामादांना निर्दोष ठरवलं.