टॉवर लाइन आणि आपले शिवार



शिवारात टॉवर लाइनच्या खुंट्या पडल्या, की गावात पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. "किती मिळणार?" आणि पाठोपाठ दुसरा, "कधी मिळणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. काम उरकून ठेकेदार निघून गेल्यावर आपले रान कोणत्या अवस्थेत राहणार? आज आम्ही त्याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपण वीज वापरणारे आहोत, तसेच विकणारेही आहोत. ज्या कारखान्यांनी बगॅसवर सहवीजनिर्मिती सुरू केली, त्यांची जादा वीज सब-स्टेशनपर्यंत न्यायला वाहिनी लागतेच. रात्रीच्या अंधारात मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विजेचे मोल दुसऱ्याने सांगायला नको. तेव्हा 'लाइनच नको' हे म्हणणे आपल्या तोंडी शोभणार नाही. लाइन कशी उभी राहते, एवढाच आपला प्रश्न आहे.

जनसुनावणी का होत नाही?

आसवनी काढायची किंवा दिवसाला ५,००० टन व त्याहून अधिक गाळपाचा साखर कारखाना उभारायचा, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या अधिसूचनेच्या यादीत वीजवाहिनी मात्र नाही. त्यामुळे त्या कायद्याखालची जनसुनावणीही वाहिनीला लागत नाही. वाहिनी वनजमिनीतून जात असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली मंजुरी लागते, आणि अभयारण्यातून जात असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. या मंजुऱ्यांबरोबर अटी येतात आणि त्या पाळल्या की नाही हे वनखाते पाहते.

आपल्या पिकाऊ रानात मात्र असा कोणी पाहणारा नसतो. तिथे माती, पाणी आणि बांध यांबाबत जे काही ठरलेले असेल, ते बहुधा लाइनवाले आणि ठेकेदार यांच्या करारात असते. तो करार आपण कधी वाचलेला नसतो. म्हणून तिथला खरा तपासनीस बांधावर उभा असलेला शेतकरीच. हे काम त्याला कोणी नेमून दिलेले नाही, पण त्याने ते केले नाही तर दुसरा कोणी करणार नाही, हे पक्के समजावे.

मार्ग बदलता येतो

"लाइन एकदा आखली की हलत नाही," असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. शेजारच्या गोव्यातले उदाहरण पाहा. गोवा-तामनार प्रकल्पाची ४०० के.व्ही. वाहिनी मोले येथील भगवान महावीर अभयारण्याच्या जंगलातून नव्या मार्गाने न्यायचे ठरले होते. एप्रिल २०२० मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने त्याला हिरवा कंदील दाखविला. गोव्यातल्या लोकांनी, विशेषतः तरुण पोरापोरींनी, त्याविरुद्ध आवाज उठविला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीपुढे गेले. २३ एप्रिल २०२१ च्या अहवालात समितीने सांगितले, की जंगलात नवा पट्टा उघडू नका. २२० के.व्ही.ची जुनी वाहिनी जिथून जाते, तोच मार्ग वापरा आणि त्याच टॉवरवर दोन्ही दाबांच्या तारा न्या. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानेही ही दिशा मान्य केली.

यातून घेण्यासारखा बोध असा, की वीज नको असे समितीने म्हटले नाही. जुनी वाट असताना नवी का पाडता, एवढेच तिने विचारले. आपल्या शिवारातही हा प्रश्न विचारता येतो. पण तो खुंट्या पडताना विचारायचा असतो. टॉवर उभा राहिल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

पट्टा किती आणि झाडे किती?

वाहिनीखालच्या पट्ट्याची रुंदी दाबाप्रमाणे ठरलेली आहे. १३२ के.व्ही.ला २७ मीटर, २२० के.व्ही.ला ३५ मीटर आणि ४०० के.व्ही.ला ४६ मीटर. आपल्या भाषेत सांगायचे, तर २२० के.व्ही.ची लाइन एक किलोमीटर गेली की साडेआठ एकरांवर तिची सावली पडते आणि ४०० के.व्ही.ची गेली की साडेअकरा एकरांच्या आसपास.

पण सावली पडली म्हणजे सगळी झाडे आडवी करायची, असे नाही. वनजमिनीसाठीच्या केंद्राच्या सूचना सांगतात, की तार ओढण्यासाठी प्रत्येक तारेखाली ३ मीटरचा पट्टा मोकळा करावा आणि काम झाल्यावर तिथे पुन्हा रोपे वाढू द्यावीत, फक्त देखभालीसाठी एक पट्टा मोकळा ठेवावा. उरलेल्या रुंदीत धोक्यापुरतीच तोड किंवा छाटणी करावी. झाड आणि तार यांत १३२ के.व्ही.ला ४ मीटर, २२० ला ४.६ मीटर आणि ४०० ला ५.५ मीटर अंतर राहिले पाहिजे, एवढा हिशेब आहे. जंगलाला जो न्याय, तो बांधावरच्या आंब्याला आणि चिंचेला का नको? ज्याची फांदी छाटून भागते त्याच्या बुंध्याला करवत लावू देऊ नये. आणि झाड तोडावेच लागले, तर तोडण्यापूर्वी त्याची मोजणी व पंचनामा झाला पाहिजे. नंतर खोड पाहून वय सांगायला कोणी येत नाही.

खरे नुकसान कामाच्या दिवसांत

टॉवरचे चार पाय जमिनीत रोवताना चार खड्डे निघतात. वरची वीतभर काळी माती ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई. खालून येतो तो मुरूम आणि चोपण. घाईत सगळे एकत्र उपसले आणि तसेच पसरले, की सोन्यासारख्या वावरात मुरमाचा थर बसतो आणि तेवढ्या जागेत ऊस खुरटतो. म्हणून वरची माती वेगळी काढून ठेवणे, खालचा भराव खाली आणि काळी माती वर टाकणे, उरलेला मुरूम रानाबाहेर नेणे, हे तीन नियम ठेकेदाराच्या मुकादमाला पहिल्याच दिवशी सांगावेत.

काँक्रीट कालवल्यावर यंत्र धुतलेले पाणी पाटात किंवा विहिरीच्या काठी सोडू देऊ नये. खडी-वाळूचा ढीग ओढ्याच्या पात्रात नको, पहिल्या पावसात ओढा तुंबतो. खड्डा उघडा असेल तर भोवती काट्या आणि दोरी हवीच. त्यात जनावर पडले, पोर पडले, तर भरपाईने काय परत येणार आहे? तार ओढून झाल्यावर तारेचे तुकडे आणि फुटलेल्या चिनीमातीच्या वा काचेच्या चकत्या वेचून न्यायला लावाव्यात. पुढे खुरपताना पाय कापतो तो आपल्या घरातल्याच कुणाचा.

सर्वांत मोठे नुकसान यंत्रांच्या चाकांनी होते. ओल्या रानात वजनदार गाडी गेली की जमीन दबते, सरी मोडते, जमिनीखालची पाइप फुटते. ऊस तुटल्यावर आणि खोडवा फुटण्यापूर्वी, किंवा लागणीआधी, रान मोकळे असते. तेवढ्या काळात काम उरकून घेतले तर दोघांचाही तोटा टळतो. येण्याजाण्याची वाट एकच ठरवून खुणा कराव्यात.

पाखरांचे काय?

माळढोक पक्षी आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांच्या माळांवर फिरत असे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पुढे पाणी आले, माळ भिजले, ऊस आला. त्यात आपलाही वाटा आहे. आता तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरल्याचा अंदाज आहे आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. अंगाने जड आणि समोरचे नीट न दिसणारे हे पाखरू उडताना थेट तारेवर आदळते. थरच्या वाळवंटात वर्षाला सुमारे १८ माळढोक असे मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातल्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावण्याचा आणि शक्य तिथे तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो आदेश बदलून तज्ज्ञांच्या समितीकडे काम सोपविले. चालू वाहिनीवर मागाहून चकत्या लावणे खर्चाचे आणि जिकिरीचे. तार ओढतानाच लावल्या तर काम सोपे. तलावाजवळून, माळावरून लाइन जात असेल तिथे ही मागणी आपणच केली पाहिजे.

पैशाचेही दोन शब्द

केंद्राच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सुचविला आहे. आपल्या जिल्ह्यात कोणता दर लागू, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावे. पिकाची आणि झाडांची भरपाई याहून वेगळी. सातबारा आपल्याच नावावर राहतो, हेही ध्यानात असावे.

शेवटी एवढेच सांगणे. काम सुरू होण्यापूर्वी रानाचे, बांधाचे, विहिरीचे फोटो तारखेसह काढून ठेवा. वनजमीन लागत असेल तर मंजुरीच्या अटींचे पत्र मागा. ते केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरही पाहता येते. एकट्याने भांडण्यापेक्षा लाइनखाली येणाऱ्या सर्वांनी मिळून एकच अर्ज द्या, ग्रामसभेत त्याची नोंद करा. उद्या एखाद्या कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची लाइन निघाली, तर तिलाही हेच नियम लावा. आपल्या संस्थेला सूट आणि परक्याला कायदा, हा सहकार नव्हे.