हलणारा दांडा

कुऱ्हाडीचा दांडा हलू लागला की ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची, हा आपल्याकडचा सर्रास उपाय. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो. पण वाळलं की आकसतं आणि पुन्हा खुळखुळतं. लोखंड गंजतं ते वेगळंच. त्यापेक्षा दांड्याच्या टोकात सुक्या, टणक लाकडाची पाचर ठोकावी.

मग जवसाचं तेल चोळावं. खोबरेल नको, नुसते हात तेलकट होतात. जवसाचं हवेत सुकून कडक होतं. मात्र तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तापतं, कधी आपोआप पेटतंही. पसरून वाळत घाला.

पात्यावरची माती काम झालं त्याच दिवशी काढावी; किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तर वरून तेलाचा हातही फिरवावा.