वायफायचा वेग कोण ठरवतं?

राउटरपासून लांबच्या खोलीत गेलं की वेग घटतो, पण जोडणी सहसा तुटत नाही. कारण राउटर कुठल्या वेगाने पाठवायचं याचा सतत हिशेब करत असतो. जुन्या ८०२.११ए वायफायमध्ये सेकंदाला ६ ते ५४ मेगाबिट असे ८ वेग होते. आता पर्याय कितीतरी वाढलेत. वेग वाढवला की डेटाचं पाकीट वाटेत खराब होण्याची शक्यताही वाढते. मग निवडायचा कुठला?

लिनक्समधल्या ‘मिन्स्ट्रेल’ या वेग निवडणाऱ्या अल्गोरिदमची युक्ती मला फार आवडते. मूळ रूपात तो साधारण १० टक्के पाकिटं मुद्दाम इतर वेगांनी पाठवतो, पोच आली का ते नोंदवतो, ताज्या निकालांना जास्त वजन देतो आणि प्रत्यक्षात सर्वाधिक डेटा पोचवणारा वेग धरतो. मशीन लर्निंगमध्ये हेच कोडं ‘मल्टी-आर्म्ड बँडिट’ म्हणून प्रसिद्ध आहे: हातातलं वापरायचं की नवं चाचपायचं? त्यावरचं एक उत्तर, थॉम्पसन सॅम्पलिंग (१९३३ सालचं, तेही औषधोपचारांच्या तुलनेसाठी सुचलेलं!) इथे छान बसतं: जिथे शंका जास्त, तिथे चाचणी जास्त.

चिप छोटी, निर्णय मिलिसेकंदांत. म्हणून अवजड न्यूरल नेटवर्कपेक्षा मला अशा हलक्या युक्त्याच पटतात. मिन्स्ट्रेलचा कोड खुला आहे; सी भाषा येत असेल तर जरूर वाचा.