निर्मनुष्य लंडनची भुरळ

वेस्टमिन्स्टर पुलावर एकही वाहन नाही, पदपथावर चिटपाखरू नाही. रुग्णालयात शुद्धीवर आलेला जिम हा तरुण हाका मारत चालला आहे आणि त्याला ओ द्यायला कोणीच उरलेले नाही. डॅनी बॉईल दिग्दर्शित '२८ डेज लेटर' या २००२ सालच्या ब्रिटिश भयपटातील हे दृश्य आजही अंगावर काटा आणते. या चित्रपटाची जादू नेमकी कशात आहे?

पहिले कारण म्हणजे भयाचे बदललेले रूप. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून चालत्या प्रेतांची संथ पावले प्रेक्षकांच्या परिचयाची झाली होती. पटकथाकार ॲलेक्स गार्लंड यांनी मात्र प्रेते नव्हे, तर जिवंत माणसेच उभी केली. प्रयोगशाळेतील चिंपांझींकडून पसरलेल्या विषाणूने ती संतापाने बेभान होतात आणि धावत सुटतात. बाधा होण्यास काही सेकंद पुरतात. प्रेमळ बाप असलेल्या फ्रँकच्या डोळ्यात रक्ताचा एकच थेंब पडतो आणि तो लेकीला दूर राहायला बजावतो. निरोप घेण्याइतकीही उसंत मिळत नाही, ही या चित्रपटातील खरी भीती होय.

दुसरे कारण तांत्रिक. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी चित्रपटाचा बहुतांश भाग साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांवर टिपला. हे कॅमेरे हलके आणि झटपट मांडता येणारे होते. त्यामुळे पहाटे काही मिनिटांपुरती वाहतूक रोखून, अनेक कोनांतून एकाच वेळी चित्रीकरण करणे शक्य झाले. चित्राचा खरबरीतपणाही पथ्यावरच पडला. सारे काही वृत्तवाहिनीवरच्या दृश्यांसारखे खरे भासू लागले. पुढे याच जोडीने मुंबईत 'स्लमडॉग मिलिऑनेर' (२००८) चित्रित केला आणि दोघांनाही ऑस्करने गौरवले गेले.

तिसरे कारण अधिक खोल आहे. मँचेस्टरजवळच्या लष्करी तळावर आश्रयाच्या आशेने पोहोचलेल्यांना कळते, की निरोगी सैनिकांपासूनच स्त्रियांना धोका आहे. तिथे विषाणूची गरजच उरत नाही. कायदा आणि शेजार नाहीसा झाला की माणूस किती काळ माणूस राहतो, हा प्रश्न चित्रपट विचारतो. त्याचे एक उत्तरही तो देतो. जगण्यासाठी कोणालाही मारण्याची तयारी ठेवणारी सेलिना शेवटी क्षणभर थबकते आणि त्या थबकण्यानेच जिमचे प्राण वाचतात.

२०२०च्या टाळेबंदीत जगभरातील शहरे ओस पडली, तेव्हा अनेकांना हाच चित्रपट आठवला. २००७मध्ये 'ट्वेंटीएट वीक्स लेटर' आला आणि २०२५मध्ये बॉईल-गार्लंड जोडी '२८ इयर्स लेटर' घेऊन परतली. ओस रस्ते पुन्हा गजबजतात. संतापाची साथ मात्र औषधाने हटत नाही, याची जाणीवच प्रेक्षकाला या कथेकडे पुन्हा पुन्हा खेचून आणते.