हलला तो पुसला गेला

असीरगड पाहायला पाहुणे आले की दरवाज्याखाली कुणाला तरी उभे करून फोटो काढतात. शेजारी माणूस असला की दरवाजा केवढा आहे ते कळते. परवा भाच्याला तसे उभे केले आणि मला बोरघाटाची जुनी छायाचित्रे आठवली. त्यांतही माणसे अशीच उभी आहेत, मापाची पट्टी असावी तशी.

आपल्या बऱ्हाणपूर-खंडव्याकडे रूळ टाकणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनेच त्याआधी बोरघाट फोडला. काम १८५६ ला सुरू झाले, गाडी धावली १८६३ ला. २५ बोगदे आणि ८ मोठे पूल! कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मुंबईत उतरला आणि थोड्याच दिवसांत वारला. पत्नी अ‍ॅलिसने कंत्राट सोडले नाही. त्या कामाची छायाचित्रेही तिने घेतली. दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईचे हे धाडस कौतुकाचेच.

पण छायाचित्रे पाहताना एक गोष्ट खटकते. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४२,००० मजूर होते. मग डोंगर इतका ओस का दिसतो?

उत्तर कॅमेऱ्यात आहे. तेव्हा काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि काच कित्येक सेकंद उघडी राही. तेवढ्या वेळात जो हलला, तो धुरकट झाला किंवा पुसलाच गेला. दगडी पूल हलत नाही, थांबवलेले इंजिन हलत नाही, ती लख्ख येतात. पाटी डोक्यावर घेऊन चालणारी बाई येत नाही. काम थांबवून उभा राहिला तोच मजूर चित्रात राहिला.

आणि यंत्रे तरी कितीशी होती? डायनामाइटचे पेटंट १८६७ चे, म्हणजे घाट फुटल्यानंतरचे. पहार आणि घणाने हातांनी भोके पाडायची, त्यांत सुरुंगाची दारू ठासायची, दगड टोपल्यांनी वाहायचे. पटकीने माणसे पटापट मेली. १८५९ च्या जानेवारीत, आधीच्या कंत्राटदाराच्या वेळी, थकलेल्या मजुरीवरून मोठा दंगाही झाला. त्यातले काहीही काचेवर नाही.

आमच्या घरी आजोबांचा गिरणीतला एक फोटो आहे. धुतलेला सदरा, हाताची घडी, शेजारी साचा. आजी म्हणायची, "हे असे कधी उभे राहायचेच नाहीत. फोटोवाल्याने उभे केले म्हणून."

साच्यामागे एक पांढरट फराटा आहे. मी लहानपणी त्याला डाग समजायचो. नीट पाहिले तर टोपली घेऊन जाणारा पोरगा आहे तो. आजीला तो कोणाचा कोण हे माहीत होते. मी कधी विचारून ठेवले नाही.