श्वानाची साक्ष किती मानावी?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने कुत्र्यांवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. पण आम्ही वर्गात वर्षानुवर्षं जो प्रश्न शिकवला, तोच इथे आहे. जे आपल्याला स्वतःला कळत नाही, ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधी मानावं? वास शोधणारा कुत्रा जे सांगतो, ते आपल्यापैकी कुणालाही हुंगून पडताळता येत नाही. तरीही त्याच्या सांगण्यावरून सामान उघडलं जातं, रस्ता सुरक्षित ठरतो, माणूस ठाण्यात नेला जातो. म्हणून हा कुत्रा शिकतो कसा आणि त्याचं किती ऐकायचं, हे नागरिकाला ठाऊक असलं पाहिजे.

आधी नाकाचं पाहू. इथून चार पावलांवर इतवारीची किराणा ओळ. तिथून जाताना आपल्याला एकच 'मसाल्याचा वास' येतो. कुत्र्याला तिथे मिरची वेगळी, धने वेगळे, गोणपाट वेगळं आणि पोतं उचलणाऱ्या हमालाचा हातही वेगळा. वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात साधारण ५०-६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, २० ते ३० कोटींपर्यंत. शिवाय नाकाची रचनाही वेगळी. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतो. बाहेरची हवा नाकपुडीच्या कडेच्या फटीतून मागे जाते, म्हणून समोरचा वास विस्कटत नाही.

मात्र या नाकालाही मर्यादा आहे, आणि ती नागपूरकरांना लगेच पटेल. कुत्रा अंग थंड ठेवतो ते मुख्यतः तोंडाने धापा टाकून. धापा टाकताना हुंगणं नीट होत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला, की दुपारी दोन वाजता उत्तम कुत्र्याचं नाकही अर्धवट चालतं. म्हणून जाणते लोक पहाटे काम करतात, थोड्या थोड्या वेळाने विश्रांती देतात, पाणी पाजतात. कुत्र्याला काही सापडलं नाही, हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारावा: किती वाजता शोधलं आणि किती वेळ?

आता शिक्षणाकडे येऊ. कुत्र्याला वास घ्यायला शिकवावं लागत नाही. तो जन्मतःच येतो त्याला. शिकवायच्या गोष्टी दोन. कोणता वास शोधायचा, आणि सापडल्यावर आपल्याला सांगायचं कसं.

पद्धत ऐकायला सोपी आहे. खेळायची प्रचंड हौस असलेलं पिल्लू निवडायचं. चेंडू किंवा गुंडाळलेला टॉवेल हे त्याचं सर्वस्व. मग विशिष्ट वास आणि चेंडू यांची जोडी लावायची. पाच-सहा डबे मांडले, एकात वास ठेवला. कुत्रा त्या डब्याशी थबकला, की त्याच क्षणी चेंडू. काही दिवसांत त्याच्या डोक्यात पक्कं होतं, की हा वास म्हणजे खेळ. त्याला गुन्हा, स्फोट, कायदा यातलं काही माहीत नसतं. पुढे डब्यांऐवजी बॅगा, मग खोल्या, मग गाड्या. आणि स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला सापडल्यावर शांत बसायला शिकवतात, कारण तिथे पंजाने उकरणं म्हणजे मरणाला आमंत्रण.

खरी अडचण पुढे आहे. समजा, प्रशिक्षकाने वासाचा नमुना रोज नव्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणला. कुत्रा काय शिकेल? कदाचित नवं प्लास्टिक शोधायला शिकेल. नमुना ठेवताना त्याच एका डब्याला हात लागला, तर कुत्रा हाताचा वास शोधेल. तो प्रामाणिकच असतो. आपण शिकवलेलं आणि त्याने उचललेलं वेगळं असतं, एवढंच. म्हणून रिकाम्या डब्यांनाही तसाच हात लावायचा, त्यांतही तसंच प्लास्टिक, तसेच हातमोजे ठेवायचे. तर्कशास्त्रात आम्ही ज्याला हेत्वाभास म्हणतो, म्हणजे खऱ्या कारणासारखं दिसणारं खोटं कारण, तो टाळण्याचीच ही खटपट.

बक्षिसाचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची कुत्री सरमा पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढत जाते. पणी तिला बहीण म्हणतात, गाईंमधला वाटा देऊ करतात. ती नकार देते. पुढे 'बृहद्देवता' या ग्रंथात मात्र कथा फिरते. सरमा पणींकडचं दूध पिते आणि इंद्राला सांगते, गाई दिसल्या नाहीत. इंद्र लाथ मारतो, तिला दुधाची उलटी होते आणि त्या दुधाच्या मागावरून तो गाईंपर्यंत पोचतो. दोन्ही कथा एकत्र वाचल्या तर प्रशिक्षणाचा मुख्य नियमच हाती येतो. शोधणाऱ्याला बक्षीस कोण देतो आणि कशाबद्दल देतो, यावर त्याची साक्ष ठरते.

आता कुत्र्याला बक्षीस देणारा त्याचा हस्तक. पोलिसांच्या भाषेत श्वान हस्तक. कुत्रा दिवसभर त्याच्या तोंडाकडे पाहत असतो आणि आपल्याला कळत नाहीत असे बदल त्याला कळतात. प्राण्यांची ही ताकद उघड झाली ती बर्लिनमधल्या एका घोड्यामुळे. फॉन ओस्टेन नावाच्या गृहस्थांचा हान्स हा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्या सोडवायचा. १९०४ साली तज्ज्ञांच्या मंडळाने तपासलं, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ साली ते प्रसिद्ध झाले. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तरच घोड्याला ते येत होतं. बरोबर आकडा आला, की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची आणि घोडा थांबायचा. घोड्याला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता.

कुत्र्यांच्या बाबतीत असाच प्रयोग अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. कुत्रा आणि हस्तक अशा १८ जोड्या, आणि एका चर्चमधल्या चार खोल्या. हस्तकांना सांगितलं होतं, की काही ठिकाणी माल लपवलाय आणि काही वेळा तिथे लाल कागद लावलाय. प्रत्यक्षात माल कुठेच नव्हता. एकूण १४४ फेऱ्या झाल्या. हस्तकांनी २२५ वेळा 'कुत्र्याने इशारा दिला' असं कळवलं; अवघ्या २१ फेऱ्या एकही खोटा इशारा न येता पार पडल्या. काही ठिकाणी कुत्र्यांना मोह पडावा म्हणून सॉसेज आणि चेंडू लपवले होते. पण जास्त इशारे तिथे आले जिथे लाल कागद होता, म्हणजे माणसाला मोह पडावा अशा जागी. आता हे कुत्रे खरोखर बसले, की हस्तकांनाच ते बसल्यासारखे वाटले, हे त्या प्रयोगातून पूर्ण सुटत नाही. पण दोन्हींचा अर्थ एकच निघतो. माणसाची समजूत दोरीतून खाली उतरते आणि कुत्र्याचं मत म्हणून वर येते.

याचा अर्थ कुत्रे कुचकामी, असा कृपा करून काढू नका. मुंबईच्या बॉम्ब शोधक पथकातला झंजीर आठवा. मार्च १९९३ च्या स्फोटांनंतरच्या काळात या लॅब्राडॉरच्या नाकामुळे ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हाती लागले. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. किती जीव वाचले याची मोजदाद करता येणार नाही. आणि इशारा चुकला किंवा मिळालाच नाही, तर काय होतं हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या एका स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. अशा रस्त्यावर चांगलं नाक म्हणजे जीवनमरणाची गोष्ट आहे.

पण इथे एक भेद करा. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर हीच न्या. झंजीर बसला, की बॅग उघडायची. आत आरडीएक्स असेल किंवा नसेल. कुत्र्याचं सांगणं ही दिशा झाली, पुरावा म्हणजे आरडीएक्स. मध्य प्रदेशात टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात वन विभागांसाठी जे कुत्रे तयार होतात, त्यांचंही तसंच. वाघाचं कातडं सापडलं, की कातडंच बोलतं. माग काढणाऱ्या कुत्र्याचं तसं नाही. गावात चोरी झाली, श्वान पथक आलं, कुत्रा वास घेत निघाला आणि एका दारापाशी जाऊन थांबला. तिथे उघडून पाहायला बॅग नाही. आहे तो एक माणूस. आणि संध्याकाळच्या आत पानटपरीपासून पारापर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो.

आमच्या कायद्याने हे फार आधी ओळखलं आहे. अब्दुल रजाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६९ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरचे आक्षेप मांडले. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही; त्याच्या वतीने माणूस बोलतो, म्हणजे तो ऐकीव पुरावा झाला. आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये, ही भावनाही न्यायालयाने नोंदवली. असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला सहसा फार वजन देऊ नये, असा एकूण सूर आहे.

आता बर्लिनचा घोडा आणि चोरीचं गाव एकत्र ठेवून पाहा. हस्तकाला गावात शिरण्याआधीच कुणी कानात सांगितलं असेल, की त्या पलीकडच्या पालावरचे लोक असतील, तर? इंग्रजांच्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त झाल्या. लोकांच्या मनातून मात्र अजून सुटल्या नाहीत. संशय आधी माणसाच्या मनात, मग हाताच्या ताणात, मग कुत्र्याच्या चालीत. शेवटी तो गावाला दिसतो ते निष्पक्ष जनावराचा कौल म्हणून. पूर्वग्रहाला याहून चांगला मुखवटा मिळणार नाही.

आकड्यांचाही एक फसवा कोपरा आहे. समजा, रेल्वे स्थानकावर १,००० बॅगा तपासल्या, त्यातल्या दोनांतच गांजा आहे. कुत्रा चांगला आहे, दोन्ही शोधतो. रिकाम्या शंभर बॅगांमागे फक्त पाच वेळा चुकतो. तरी खोटे इशारे होतील जवळपास ५०. म्हणजे तो ५२ वेळा बसला, त्यातले ५० लोक निर्दोष. म्हणून इशाऱ्याचा अर्थ 'जरा बॅग उघडा' एवढाच. 'हा चोर' असा नव्हे.

मग उपाय काय? न्यायदर्शनात ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा त्याला आप्त म्हणतात. त्याच्या दोन अटी: त्याने गोष्ट स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगायची त्याची इच्छा असावी. वात्स्यायनाचं मोठेपण असं, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. आम्ही म्हणतो, कुत्र्यालाही लावून पाहू. पहिल्या अटीत तो आपल्यापेक्षा सरस आहे. दुसरीत अडतो, कारण त्याची इच्छा सत्य सांगण्याची नसून चेंडू मिळवण्याची आहे. मग अशी रचना करायची, की चेंडूपर्यंत जायला खरं सांगण्याखेरीज वाट नसावी.

ती रचना ठाऊक आहे. चाचणीत नमुना कुठे आहे हे हस्तकाला माहीत नसावं, आणि ज्याला माहीत आहे त्याने तिथे उभंच राहू नये. काही खोल्या मुद्दाम पूर्ण रिकाम्या ठेवाव्यात. खरे, खोटे आणि हुकलेले, सगळे इशारे वहीत लिहावेत. अमेरिकेत वास शोधण्याचा जो हौशी खेळ आहे, तिथे घरचे कुत्रे बर्च, बडीशेपेसारख्या अ‍ॅनिसचं आणि लवंगेचं तेल शोधतात. वरच्या पातळीवर तिथेही रिकाम्या खोल्या असतात. मालकाला 'इथे काही नाही' असं ठामपणे म्हणावं लागतं आणि ते बरोबर निघालं तर गुण मिळतात. खेळात जे जमतं, ते जिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागतं तिथे का जमू नये?

कारण आप्ताची दुसरी अट हस्तकालाही आहे. कुत्र्याने माल शोधला की हस्तकाचं कौतुक होतं, फोटो छापून येतो. 'साहेब, इथे काही नाही' किंवा 'साहेब, आज माग लागत नाही' असं म्हणणाऱ्या हस्तकाचा सत्कार झालेला आम्ही तरी पाहिला नाही. दूध पिणारी सरमा अशीच तयार होते.

तेव्हा पुढच्या वेळी कुत्रा कुणाच्या दाराशी थांबला असं कानावर आलं, तर चार प्रश्न विचारा. माग किती जुना होता आणि वरून किती लोक चालून गेले? हस्तकाला आधी कुणी काही सांगितलं होतं का? या कुत्र्याच्या वहीत खोटे इशारे किती? आणि कुत्र्याखेरीज दुसरं काय मिळालं? चारांची उत्तरं मिळेपर्यंत त्या दारातला माणूस निर्दोष आहे, असंच धरून चालायचं. आता तुमचे प्रश्न घेऊ.