नावाला राखणदार हवा

जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या धरणात अडविलेले पूर्णेचे पाणी सिद्धेश्वर जलाशयातून, कालव्यांवाटे वसमतच्या शिवारात पोहोचते. तेथे पिकणाऱ्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मानांकन म्हणजे बाजारभाव नव्हे.

या दृष्टीने इटलीतील कियांती या तांबड्या मद्याचा इतिहास बोधप्रद आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने १७१६ मध्येच त्या प्रदेशाच्या सीमा फर्मानाने आखून दिल्या. तरीही आसपासच्या मुलखातील मद्य त्याच नावाने विकले जात राहिले. अखेर १९२४ मध्ये तेथील ३३ उत्पादकांनी संघ स्थापिला, काळा कोंबडा ही निशाणी घेतली आणि आपल्या नावावर स्वतःच पहारा बसविला.

आपल्या १९९९ च्या कायद्यानेही नोंदणी दहा वर्षांपुरतीच असते. पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. शिवाय, अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक उत्पादकाने आपली नोंद करणे आवश्यक असते. हे घडले नाही, तर घाम शेतकऱ्याचा आणि नावाचा नफा व्यापाऱ्याचा, असेच होईल. धरण शासनाने बांधले, मानांकन कायद्याने दिले. राखण मात्र उत्पादकांनाच करावी लागेल.